आवडलेल्या पुस्तकावर चार ओळी

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'वाचनाचे महत्त्व' या विषयावर बोलावे असे कळविण्यात आले होते. या विषयावर आपण सर्वांनी इतकी भाषणे ऐकली आहेत, की तेवढ्या वेळात दोन-चार चांगली पुस्तके वाचून झाली असती. म्हणून चिटणीससाहेबांच्या परवानगीने मी विषय थोडा वळवून घेतला आहे. वाचावे का, हा प्रश्न मी आज घेत नाही. बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींनी आपल्या वयाची गोष्टीची पुस्तके वाचावीत, वेड्यासारखी वाचावीत, आणि वाचून झाल्यावर त्यांच्याविषयी आपले मत लिहावे, एवढेच मला सांगायचे आहे. यातले शेवटचे सर्वांत अवघड, आणि त्याबद्दलच मी जास्त बोलणार आहे.

आधी पालकांशी बोलतो. मुलाच्या हातात कादंबरी दिसली की आपल्या घरात एक वाक्य ठरलेले असते, "अभ्यासाचे पुस्तक घे." हे वाक्य उच्चारणाऱ्या वडीलमंडळींपैकी कितीजणांनी आपल्या तरुणपणी इब्ने सफी यांच्या कादंबऱ्या भाड्याने आणून रात्री कंदिलाच्या उजेडात संपवल्या होत्या, याची मला चांगली माहिती आहे. (समोर काही चेहरे हसताहेत, म्हणजे माहिती बरोबर आहे.) 'जासूसी दुनिया' १९५२ मध्ये अलाहाबादहून निघू लागली आणि १९५५ पासून इमरानच्या कथा आल्या. मध्यंतरी आजारपणामुळे लेखकाची लेखणी थांबली तेव्हा ती १९६३ पर्यंत पुन्हा सुरू होण्याची वाट लोकांनी पाहिली. फरीदी श्रेष्ठ की इमरान, यावर चहाच्या दुकानात तास तास वाद होत. ते वाद म्हणजेच पुस्तकपरीक्षण होते. फक्त ते कोणी लिहून ठेवले नाही आणि त्याला कोणी परीक्षण म्हटले नाही. आपली मुले आज तेच करू पाहतात, तर त्यांना कागद द्या एवढेच माझे मागणे आहे.

आता एक गोष्ट सांगतो, ती अमेरिकेतली आहे. लुइझा मे अल्कॉट या लेखिकेला बॉस्टनचे प्रकाशक टॉमस नाइल्स यांनी मुलींसाठी एक पुस्तक लिहा असा आग्रह केला. तिचे मन त्यात फारसे नव्हते. तरी १८६८ मध्ये तिने पहिली प्रकरणे लिहून पाठवली. नाइल्स यांना ती कंटाळवाणी वाटली. गंमत म्हणजे लेखिकेलाही तसेच वाटत होते. दोन मोठ्या, जाणत्या माणसांचे एकमत झाले, म्हणजे पुस्तक संपले म्हणायचे. पण नाइल्स यांच्या नात्यातल्या एका मुलीने ते हस्तलिखित वाचले आणि ती त्यात रंगून गेली. आणखीही काही मुलींनी वाचले, त्यांनाही ते अतिशय आवडले. अल्कॉटने आपल्या रोजनिशीत तेव्हा अशा अर्थाची नोंद केली, की पुस्तक ज्यांच्यासाठी आहे त्याच त्याच्या खऱ्या परीक्षक, तेव्हा आपण समाधान मानावे. ते पुस्तक म्हणजे 'लिट्ल विमेन'. शान्ता शेळके यांनी केलेला त्याचा मराठी अनुवाद 'चौघीजणी' आपल्या शाळेच्या कपाटात आहे, आणि त्याची पाठ दोनदा चिकटवावी लागली आहे.

असेच पुढे शंभराहून अधिक वर्षांनी इंग्लंडात घडले. एका नवख्या लेखिकेचे हस्तलिखित अनेक प्रकाशकांनी परत केले होते. ब्लूम्सबरी या संस्थेचे प्रमुख नायजेल न्यूटन यांनी त्यातला आरंभीचा भाग आपल्या आठ वर्षांच्या मुलीला वाचायला दिला. तिने वाचला आणि पुढचा भाग आणून द्या असा लकडा लावला. १९९७ मध्ये ते पुस्तक निघाले. हॅरी पॉटरचे नाव तुम्हाला माझ्याकडून कळायला नको.

तर मित्रांनो, तुमच्या मताला किंमत आहे. फक्त ते मत हवे. 'पुस्तक फार छान आहे, सर्वांनी जरूर वाचावे' हे मत नव्हे, तो लग्नपत्रिकेतला मजकूर झाला.

आपल्या शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. कपाटाजवळ एक दोनशेपानी वही दोरीने बांधून ठेवली आहे. पुस्तक परत करणाऱ्याने त्या वहीत काहीतरी लिहायचे, मगच दुसरे पुस्तक मिळायचे. पहिले काही महिने त्या वहीत काय आले असेल? मलपृष्ठावरचा मजकूर. शब्दन् शब्द उतरवलेला, कधी किंमतीसकट! मुलांचा यात दोष नाही. आपण त्यांना प्रश्नाचे उत्तर पुस्तकातून शोधून काढायला शिकवतो, त्यांनी ते शोधून काढले.

मग एके दिवशी आठवीतल्या एका मुलाने एका साहसकथेबद्दल एकच शब्द लिहिला, 'बोअर'. वर्गशिक्षक रागावले. मी त्या मुलाला म्हटले, "ठीक आहे, पण कुठे बोअर झाले ते लिही." तो पुस्तक घेऊन पुन्हा बसला आणि अर्ध्या तासाने त्याने लिहिले, की चाळिसाव्या पानापर्यंत सगळे नुसते निघायची तयारी करतात, निघत कोणीच नाही, आणि सामानाची यादी दोनदा दिली आहे. आमच्या वहीतले हे पहिले खरे परीक्षण. लेखकाने ते वाचले असते तर पुढच्या आवृत्तीत एक यादी नक्की गाळली असती.

चांगले मत म्हणजे काय, तर ज्याला पान दाखवता येते ते. आवडले असेल तरी पान दाखवा, नावडले असेल तरी दाखवा. नववीतल्या एका मुलीने 'चौघीजणी'बद्दल लिहिले होते, "बेथ आजारी पडली तिथे मी पुस्तक मिटले आणि तीन दिवस उघडले नाही." एवढेच. त्यात साहित्यातला एकही मोठा शब्द नाही. पण त्यानंतर त्या पुस्तकासाठी कपाटापुढे रांग लागली. मोठ्या समीक्षकांना हे सहसा जमत नाही, असे माझे नम्र मत आहे.

आता चाहत्यांची एक वेगळीच अडचण असते. पुस्तकावर जीव जडला की त्यातले दोष दिसत नाहीत, आणि कोणी दाखवले तर राग येतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याच्या विद्याभवन शाळेतला, किडकिडीत, सायकलवर स्वार. भागवतांचा जन्म १९१० चा, ते २००१ मध्ये गेले. आणि त्यांचा हा मुलगा अजून शाळेतच आहे! दूरदर्शनवर येऊन गेला, २०१७ मध्ये चित्रपटातही आला. (चित्रपटात त्याला मोठा केला, हे आमच्या सहावीच्या वर्गाला मुळीच पटलेले नाही.) याच लेखकाचा बिपिन बुकलवार हा पुस्तकांचे वेड असलेला मुलगा. तोही ओळखीचा करून घ्या. तर या फेणेच्या पुस्तकांवर आमच्या वहीत जितकी पाने आहेत तितकी दुसऱ्या कोणावर नाहीत. पानामागून पान नुसती स्तुती. आणि मध्येच सातवीतल्या एका मुलीच्या दोन ओळी आहेत. तिने लिहिले, "बन्या मला फार आवडतो. पण तो मुलगी असता तर त्याला घरून एवढे सोडले असते का?"

त्याखाली मुलांनी रागारागाने बरेच काही लिहिले आहे. एकाने लिहिले, हा पुस्तकाचा दोष नाही, घरच्यांचा दोष आहे. त्यावर दुसऱ्या मुलीने लिहिले, मग घरच्यांना वाचायला द्या. मी त्या पानाला हात लावलेला नाही. पालकहो, कपाटाशी कधी आलात तर ते पान जरूर पाहा. ज्या मुलीने ते लिहिले तिचा फेणेवरचा लोभ तसूभरही कमी झालेला नाही, पुढचा भाग आला का म्हणून ती मला दर आठवड्याला विचारते. लोभ आणि डोळस नजर एकत्र नांदू शकतात, आणि मला वाटते पुस्तकाच्या बाबतीत त्या वयात ते शिकले तर पुढे माणसांच्या बाबतीतही थोडे सोपे जाते.

पुन्हा अल्कॉटकडे जाऊ, कारण तिची खरी गोष्ट पुढेच आहे. पहिला भाग निघाला आणि देशभरातल्या मुलींची पत्रे येऊ लागली. त्यांना एकच जाणून घ्यायचे होते, या बहिणींची लग्ने कोणाशी होणार? विशेषतः ज्यो, जी लेखिका होऊ पाहते, तिचे लग्न शेजारच्या लॉरीशी व्हावे असा सर्वांचा हट्ट. अल्कॉट वैतागली. लग्न हेच जणू बाईच्या आयुष्याचे एकमेव ध्येय आहे अशा थाटात या मुली विचारतात, असे तिने लिहून ठेवले, आणि कोणाच्या खुशीखातर ज्योला लॉरीशी लग्न करायला लावणार नाही असे ठरवून टाकले. तिच्या मनातून ज्यो अविवाहित राहून लेखनच करणार होती. ते काही तिला साधले नाही. १८६९ मध्ये दुसरा भाग आला, त्यात ज्योचे लग्न झाले, पण लॉरीशी नव्हे तर वयाने बऱ्याच मोठ्या अशा एका जर्मन प्राध्यापकाशी. आग्रह करणाऱ्या वाचकांवर लेखिकेने जणू सूडच उगवला. (परीक्षणात शेवट फोडू नये हा नियम मी मुलांना सांगतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकाला तेवढी सवलत मी स्वतः घेतली आहे.)

लेखिकेचे बरोबर की वाचकांचे? आमच्या वहीत यावर अकरा मुलींनी लिहिले आहे आणि त्यांचे एकमत नाही. काहींना लॉरीच हवा होता. काहींच्या मते प्राध्यापक बरा, कारण तो ज्योच्या लिखाणाबद्दल तिला खरे ते सांगतो, उगाच वाहवा करत नाही. एकीने लिहिले आहे, "ज्योचे लग्न झाले याचे वाईट नाही वाटले, तिने लिहायचे थांबवले असते तर वाटले असते." ही मुलगी तेव्हा दहावीत होती. तिच्या घरी त्या सुमारास तिच्याविषयीच काही बोलणी चालली होती, हे मला नंतर समजले. तिच्या अम्मीने ती वही मागून घेतली, कपाटाशेजारच्या बाकावर बसून ते पान वाचले, आणि काही न बोलता वही परत दिली. पुढच्या जूनमध्ये ती मुलगी अकरावीला दाखल झाली. त्या पानामुळे झाली असे मी म्हणणार नाही, घरातल्या निर्णयांना दहा कारणे असतात. पण मुलीला काय वाटते ते तिच्या घराला तिच्याच अक्षरात वाचायला मिळाले. समोरासमोर ती हे बोलू शकली असती का, याची मला शंका आहे. ज्योच्या आडून तिला बोलता आले.

म्हणूनच काही पालक येऊन अमुक पुस्तक कपाटातून काढा असे म्हणतात तेव्हा मी त्यांचे शांतपणे ऐकतो, पण लगेच काढत नाही. मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी २००४ मध्ये आली. आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग, आणि त्यातल्या एका मुलाला वर्गातली एक मुलगी आवडते. एक सद्गृहस्थ माझ्याकडे आले, म्हणाले, "सर, हे मुलांनी शाळेत शिकायचे का?" मी त्यांना म्हटले, "आपण ती पूर्ण वाचा, मग बोलू." त्यांनी वाचली. परत आले तेव्हा मुलीचा विषय त्यांनी काढलाच नाही, आपल्या नववीच्या वर्गातल्या मास्तरांविषयी आणि बाकावरच्या दोस्तांविषयी तासभर बोलत राहिले. पुस्तक त्यांना सर्वस्वी पसंत पडले असे नाही, काही शिव्या गाळायला हव्या होत्या असे त्यांचे म्हणणे आहे. मी म्हटले, तेही वहीत लिहा. त्यांनी लिहिले, खाली सही केली. आता त्यांचा मुलगा आणि ते, दोघांची मते एकाच पानावर आहेत आणि ती जुळत नाहीत.

याउलट काही मुलांना वाटते की आपण काय लिहिणार, आपल्याला कोण विचारतो. त्यांच्यासाठी आणखी एक हकीकत. अमेरिकेत टल्सा गावातल्या हायस्कूलमध्ये शिकणारी सुझन हिंटन ही मुलगी. तिला वाचनाचे वेड होते आणि तक्रार एकच होती, आपल्या वयाच्या मुलांसाठी जी पुस्तके मिळतात त्यांत आपल्या शाळेत रोज दिसणारे जग कुठेच नाही. गावातल्या श्रीमंत मुलांच्या आणि गरीब मुलांच्या टोळ्या, त्यांच्या मारामाऱ्या, घरी कोणी नसलेली मुले, हे कोणी लिहीतच नव्हते. म्हणून पंधराव्या वर्षी तिने स्वतः लिहायला घेतले. 'द आउटसायडर्स' १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. मुलग्यांवरचे पुस्तक मुलीने लिहिले म्हणून परीक्षक नाक मुरडतील, या भीतीने प्रकाशकांनी नावाची नुसती आद्याक्षरे छापली, एस. ई. हिंटन. त्याच वर्षी तिने न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सांगितले, की किशोरवयीन मुले ही खरीखुरी माणसे आहेत, त्यांच्याबद्दल खरे लिहा.

पुढे १९८० मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोजवळच्या लोन स्टार नावाच्या शाळेतल्या मुलांनी, त्यांच्या ग्रंथपालबाईंच्या पुढाकाराने, चित्रपट दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांना पत्र पाठवले. हे पुस्तक आम्हाला फार आवडते, यावर तुम्हीच चित्रपट काढावा, अशी विनंती. खाली मुलांच्या सह्या आणि सोबत पुस्तकाची प्रत. साधी शाळा, साधी मुले. कोपोलांनी पुस्तक वाचले आणि १९८३ मध्ये चित्रपट आला. हा चित्रपट काढा असे ज्यांनी पहिल्याने सुचवले त्या ग्रंथपालबाईंना आणि शाळेतल्या मुलांना तो अर्पण केलेला आहे.

हिंटनची तक्रार मला आपल्या सभागृहात बसून फार जवळची वाटते. मी आयुष्यभर मराठी कुमारकथा वाचत आलो. त्यांतली कोकणातली घरे, पुण्यातले वाडे, नदीकाठची गावे माझीच वाटली. पण ज्या घरात मुलगा वडिलांना अब्बा म्हणतो आणि मित्राशी मराठीत भांडतो, जिथे सहरीला उठवायला आलेल्या माणसाची हाक ऐकून धाकटा भाऊ घाबरतो, जिथे दुबईहून दर महिन्याला येणाऱ्या फोनची घरभर वाट पाहिली जाते, असे घर मला त्या पुस्तकांत क्वचितच भेटले. असा मुलगा भेटला तर बहुधा नायकाचा मित्र म्हणून, दोन पाने येऊन जाणारा. भागवतांवर किंवा कोणावरच माझा राग नाही. माणूस आपल्या अंगणाविषयी लिहितो. मात्र आपल्या अंगणाविषयी दुसऱ्याने येऊन लिहावे अशी वाट पाहत बसणे मला पटत नाही.

तेव्हा आठवीच्या वरच्या मुलामुलींना एक काम सांगतो. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे, त्याचे जुने अंक बालभारतीने संगणकावर वाचायला ठेवले आहेत. हातात मोबाइल आहेच, तर त्यावर तेही उघडा. कुठलाही एक अंक वाचा आणि एक पान लिहा. त्या पानात कथेचा सारांश नको, तो वाचणाऱ्याला कथेतच मिळेल. कुठे थांबलात, कुठे पळालात, कुठे लेखकाने तुम्हाला फसवले, कोणते पात्र शेजारी राहायला आले तर चालेल आणि कोणते चालणार नाही, एवढे आले तरी पुष्कळ. भाषा घरातली असली तरी चालेल. शुद्धलेखन मी तपासतो, पण मत तपासत नाही.

कपाट बुधवारी आणि शनिवारी मधल्या सुट्टीत उघडे असते. पालकांनाही पुस्तके मिळतात, वहीचा नियम त्यांनाही लागू आहे.

आता संपवतो. गेल्या महिन्यात नववीतल्या एका मुलाने वहीत परीक्षणाऐवजी चार पानांची गोष्टच लिहून ठेवली. फास्टर फेणे सुट्टीत आपल्या मोहल्ल्यात पाहुणा येतो आणि इथल्या सलीम नावाच्या मुलाला त्याच्यापेक्षा भारी सायकल चालवता येते, असे कथानक. मी खाली लिहिले, की सलीमला चोर पहिल्याच पानावर सापडतो, मग पुढची तीन पाने वाचायची कशाला? दुसऱ्या दिवशी त्याने त्याखाली उत्तर लिहिले. चोर चौथ्या पानावर नेतो, पण शर्यतीत बन्याला जिंकू देणार नाही, तुम्ही कितीही सांगितले तरी.